'वय झालं' हे निदान नव्हे

२०१९ च्या तेंदूपत्ता हंगामात आमच्या मायने बांधलेले पुडे पहिल्यांदा परत आले. एका पुड्यात सत्तर पाने असावी लागतात. संकलन केंद्रावर मोजणाऱ्या माणसाने चार पुडे सोडून पाहिले. एकात पन्नासच्या आसपास पाने निघाली, दुसऱ्यात नव्वद. तो म्हणाला, "म्हातारीचं ध्यान नाही आता." आम्ही भावंडे हसलो आणि रात्री बसून सगळे पुडे पुन्हा बांधले.

तेव्हा हसायला नको होते. माय कधी शाळेत गेली नाही. तिला आकडे लिहिता येत नाहीत. पण जंगलातून आम्ही पाने तोडून आणायचो आणि ती ओसरीवर बसून पुडे बांधायची, तेव्हा तोंडाने गावगप्पा चालू असल्या तरी हाताने सत्तरचे एकोणसत्तर कधी होऊ दिले नव्हते. असे तीस-चाळीस हंगाम गेले. त्या हाताचा हिशेब चुकला, ही तिच्या आजाराची पहिली नोंद होती. ती आमच्यासमोर पडलेली होती, पण आम्हाला वाचता आली नाही. तिच्यावर उपचार सुरू व्हायला त्यानंतर अडीच वर्षे लागली. ही अडीच वर्षे कुठे गेली, हे आम्ही इथे लिहितो आहोत. यातला काही दोष व्यवस्थेचा आहे आणि काही आमचा स्वतःचा आहे.

आधी आमचा दोष सांगतो. माय आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची जुनी कार्यकर्ती. विहारात वंदना सुरू झाली की पहिला आवाज तिचा. तीच माय भाजीत दोनदा मीठ टाकू लागली, एकच प्रश्न तासात पाच वेळा विचारू लागली. श्रावणबाळ योजनेचे पैसे तांदळाच्या कोठीत लपवायची आणि वहिनीने चोरले म्हणून कालवा करायची. एका पौर्णिमेला विहारातून घरी येताना ती दुसऱ्याच गल्लीत शिरली. अंतर दोनशे पावलांचेही नाही. वहिनी तेव्हापासून म्हणत होती, "मायले डॉक्टरकडे न्या जी, हे साधं नोहोय." आम्ही तिला गप्प केले. लोक काय म्हणतील, मायला वेडी म्हणतील, याची लाज आम्हाला वाटली. ज्या काळात आम्ही १४ एप्रिलच्या मिरवणुकीची वर्गणी, व्याख्यात्यांची येण्याजाण्याची सोय आणि बॅनरवरचे फोटो यांवर रात्र रात्र चर्चा करत होतो, त्या काळात घरातल्या एका बाईचे म्हणणे ऐकायला आम्हाला वेळ नव्हता. दुसऱ्याच्या घरातली अंधश्रद्धा आम्हाला दिसते, पण स्वतःच्या घरातली लाज दिसत नाही.

दुसरी एक गोष्ट आम्हाला फसवत राहिली. मायला १६ ऑक्टोबर १९५६ लख्ख आठवतो. नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, तेव्हा ती साधारण दहा वर्षांची होती. बापाच्या खांद्यावर बसून गर्दी पाहिली, वडशाहून लहान गाडीने चांदा फोर्टला गेलो, शिदोरी कोणाच्या हातात होती, परतताना पायातला काटा कोणी काढला, हे सगळे ती क्रमाने सांगते. सकाळी जेवलो की नाही हे मात्र सांगता येत नाही. पाहुणे म्हणायचे, "पासष्ट वर्षांपूर्वीचं आठवते, मग कसला विसर?" आम्हीही त्यावर विश्वास ठेवला. या आजारात आधी जाते ते अलीकडचे. नवी गोष्ट डोक्यात ठरत नाही, जुनी मात्र बराच काळ टिकून राहते. त्रिशरण-पंचशील पाठ असणे हा स्मृती शाबूत असल्याचा पुरावा होत नाही. हे आम्हाला फार उशिरा कळले.

आता व्यवस्थेकडे येऊ. पहिल्यांदा आम्ही मायला तालुक्याच्या गावी दाखवले. डॉक्टरांनी वय विचारले, आम्ही सांगितले. ते म्हणाले, "वय झालं. या वयात असंच होतं." टॉनिक लिहून दिले. भेट चार मिनिटांची झाली. माय त्या चार मिनिटांत छान बोलली, हसली, "तुमचे लेकरंबाळं बरे हाय ना जी" म्हणून उलट चौकशी केली. आम्ही तिच्यासमोर काही सांगायला लागलो की ती चिडायची. "मले काहीच झालं नाही. तुमीच मले येडी ठरवून रायले." डॉक्टरांनी तिचे ऐकले, आमचे ऐकले नाही.

दुसऱ्यांदा आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथे माय खुर्चीवर बसली नाही, दाराजवळ जमिनीवर बसली. गेली कित्येक वर्षे ती कोणासमोर अशी बसली नव्हती. आम्हीच तिच्याकडून शिकलो होतो की खुर्ची समोर असेल तर जमिनीवर बसायचे नाही. तिच्या डोक्यातला दीक्षेचा दिवस शिल्लक होता, तसे दीक्षेच्या आधीचे भयही शिल्लक होते, आणि त्या दिवशी भय वर आले. डॉक्टरांनी प्रश्न विचारले. आज तारीख काय? साल कोणते? शंभरातून सात वजा करा. कागदावर एक वाक्य लिहा. माय गप्प बसली. डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, "शिकलेल्या नाहीत ना. यांना नाही जमणार." वही मिटली.

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. स्मृतीची ती चाचणी ज्यांनी बनवली, त्यांच्यासमोर शाळेत गेलेली माणसे होती. शंभरातून सात वजा करणे ही शाळेची सवय आहे. मायच्या पिढीच्या बायांना शाळेची पायरी कोणी चढू दिली नाही, याला तिची बुद्धी जबाबदार नाही. मग ज्या अन्यायामुळे ती अडाणी राहिली, त्याच अन्यायाचे कारण सांगून तिची तपासणी नाकारायची, हे कोणते वैद्यकशास्त्र? बरे, शास्त्राला यावर उत्तर सापडलेलेच नाही असेही नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर म्हाताऱ्या माणसांसाठी याच चाचणीचे हिंदी रूप तयार केले गेले आणि ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात वाचून, लिहून किंवा शाळेतल्या गणिताने सोडवायचे प्रश्न बदलले, कारण अक्षर न येणे आणि स्मृती जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही समज येऊन तीस वर्षे होत आली. ती आमच्या जंगलपट्टीतल्या दवाखान्यापर्यंत पोहोचलेली नव्हती.

मध्ये कोविडची दोन वर्षे गेली. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातून बातमी आली. वणी खुर्द गावात जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या माणसांना भर चौकात खांबांना बांधून मारले. त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. त्या माणसांना कोणताही आजार नव्हता, त्यांचा कोणताही अपराध नव्हता. पण ती बातमी वाचून आमच्या घरात कोणी जेवले नाही. कारण त्याच महिन्यात माय दोनदा मध्यरात्री दार उघडून बाहेर गेली होती. एकदा ती दुसऱ्याच्या अंगणात उभी राहून मेलेल्या बहिणीशी बोलत होती. आपल्या दोन जिल्ह्यांत म्हातारी, विधवा, दलित किंवा आदिवासी बाई रात्री कोणाच्या अंगणात पुटपुटत उभी दिसली तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. शहरात या आजाराचे निदान उशिरा झाले तर औषध उशिरा सुरू होते. इथे उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण त्या रात्री अंगणात उभ्या असलेल्या बाईला आजार आहे, हे गावाला आधी माहीत असणे हेच तिचे खरे संरक्षण आहे. आजार लपवून आम्ही मायची अब्रू राखत नव्हतो, तिला धोक्यात टाकत होतो.

त्यानंतर आम्ही तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, पण या वेळी तयारी करून. वहिनीने सांगितले आणि आमच्यातल्या एकाने लिहून घेतले. एका पानावर बसेल एवढेच. पूर्वी काय करायची आणि आता काय होते, एवढे दोनच रकाने केले. पूर्वी सत्तर पानांचा पुडा न मोजता बांधायची, २०१९ पासून चुकते. पूर्वी वीस माणसांचा स्वयंपाक एकटी करायची, आता भात चुलीवर ठेवून विसरते. पूर्वी रोवणीच्या बायांची मजुरी तोंडी सांगायची, आता दहाची आणि पन्नासची नोट ओळखत नाही. विहारातून येताना वाट चुकली, तो महिना. रात्री बाहेर गेली, त्या तारखा. झोप, जेवण, पडणे, चालू असलेली औषधे. घरात कोणाला लकवा झाला होता का, तेही. हा कागद आम्ही मायला आत नेण्याआधी डॉक्टरांच्या हाती दिला. मायला सांगितले, बीपी तपासायला चाललो. ते खोटे नव्हते.

त्या तरुण डॉक्टरांनी कागद आधी वाचला. मग मायला तारीख विचारली नाही. विचारले, "आजी, सध्या धान कोणत्या टप्प्यावर आहे? निसवला का?" माय म्हणाली, रोवणी सुरू आहे. तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि धानाची कापणी चालू होती. जन्मभर रोवणी केलेल्या बाईला हंगाम सांगता आला नाही. शंभरातून सात वजा करण्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी खरी होती. डॉक्टर म्हणाले, शिकलेल्या माणसाची तुलना पुस्तकाशी करता येते, पण यांची तुलना यांच्याच कालच्या कामाशी करायची, आणि ते घरच्यांशिवाय कोण सांगणार?

मग त्यांनी बीपी मोजला. तो खूप वाढलेला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोजला जात होता. रक्त तपासले. त्यात हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ होते. बी-१२ कमी निघाले. डोक्याचे सीटी स्कॅन झाले, त्यात मेंदूत जुन्या लहान लहान लकव्यांच्या खुणा दिसल्या. आम्हाला त्यांतला एकही लकवा कळला नव्हता. त्यांनी सांगितले की हा डिमेन्शिया आहे, आपल्या भाषेत स्मृतिभ्रंश, आणि तो अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे. हा पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. पण बीपी ताब्यात ठेवला तर पुढचे लकवे टाळता येतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, ऐकू कमी येणे, काही गोळ्यांचा परिणाम, यांमुळेही माणूस विसराळू दिसतो आणि त्यांतले पुष्कळसे दुरुस्त होते. म्हणून तपासणीआधी 'वय झालं' म्हणणे चूक. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ नका, असेही त्यांनी बजावले.

इंजेक्शने आणि बीपीच्या गोळ्या सुरू झाल्यावर मायच्या अंगात थोडी तरतरी आली. चार गोष्टी परत आल्या, बाकीच्या आल्या नाहीत. पण वहिनीवरचा चोरीचा आरोप आजारातून येतो, वैरातून नाही, हे घरात सगळ्यांना कळले. एवढ्यानेही घर बदलले. दाराला बैलाचे घुंगरू बांधले आहे. लुगड्याच्या ओच्यात नाव, गाव आणि फोन नंबर शिवला आहे. शेजारच्या दहा घरांना आम्ही स्वतः जाऊन सांगितले.

आता ही एका घराची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा बायांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त आहे. म्हणजे कोण, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. ती सगळी आटोक्यात आली तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असे त्यांचे म्हणणे. त्या यादीत लहानपणी शिक्षण न मिळणे आहे, उच्च रक्तदाब आहे, मधुमेह आहे, तंबाखूचा धूर आणि दारू आहे, एकटेपणा आहे, दूषित हवा आहे. चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ सालीच देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत टाकले होते. आणि गडचिरोलीतल्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे व सहकाऱ्यांनी मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर लकवा आला. दर सात मृत्यूंमागे एक. २०१५ चे हे संशोधन आहे. लकव्याने जे मेले ते मोजले गेले. लकव्याने ज्यांची स्मृती गेली, ते घराघरांत 'वय झालं' या दोन शब्दांखाली झाकले गेले.

'शिका' हा बाबासाहेबांचा संदेश आपण नोकरीशी जोडतो. तो मेंदूच्या आरोग्याशीही जोडलेला आहे, हे आता विज्ञान सांगते. ज्यांनी आपल्या आजीला शाळेपासून दूर ठेवले, त्यांनी तिच्या म्हातारपणातूनही काहीतरी हिसकावले.

उपचार मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २० सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या उपचाराची राखीव सोय असावी, असे सांगते. ती सोय सांभाळायला या उपचारांचा अनुभव असलेला वैद्यकीय अधिकारी असावा, हेही त्यातच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाड स्पष्ट शब्दांत येतो. त्याच कायद्याचे कलम १८ सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देते आणि त्यात जातीवरून भेद करता येणार नाही, असेही लिहिले आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याचसाठी आहे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतून बोलता येते. रस्त्यासाठी, पट्ट्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी आपण निवेदन देतो. जिल्हा रुग्णालयात कलम २० प्रमाणे काय सुरू आहे, हे विचारणारे निवेदन आपल्यापैकी किती शाखांनी दिले? आम्हीही दिले नव्हते.

आणि सेवा कोण करते, हेही स्पष्ट बोलू. आमच्या घरात मायचे अंग धुणे, रात्री उठणे, शिव्या ऐकणे हे सगळे वहिनीने केले. आम्ही भाऊ दवाखान्यात पुढे बोलायला होतो. 'सून करते ते कर्तव्य, मुलगा करतो ते कौतुक' ही मनुस्मृतीची शिकवण दहन करूनही घरात राहिली आहे. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू आजाराने घाणीत पडून होता, बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या हाताने धुतले. मग संघाला समज दिली की एकमेकांची शुश्रूषा तुम्ही नाही करणार तर कोण करणार. त्या प्रसंगात हात पुरुषांचे आहेत, हे आपण वंदना म्हणताना ध्यानात घेत नाही. आमच्या घरी आता रात्रींची वाटणी झाली आहे. आठवड्यातून तीन रात्री आम्हा भावांच्या. उशिरा सुरू झाले, पण सुरू झाले.

तरुणांनो, तुमच्या घरात साठीपुढचे माणूस असेल आणि गेल्या वर्षभरात त्याच्या नेहमीच्या कामात फरक पडला असेल, तर भांडत बसू नका, हसूही नका. 'पूर्वी' आणि 'आता' असे दोन रकाने करून एक पान लिहा. लिहिताना घरातल्या बायांना विचारा, त्यांना आधी कळते. तो कागद डॉक्टरांना भेटीआधी द्या. बीपी मोजला का, रक्त तपासले का, ऐकू येते का, हे विचारा. 'वय झालं' असे उत्तर मिळाले तर नम्रपणे म्हणा, वय आम्हीच तुम्हाला सांगितले, आता आजार तुम्ही सांगा. आमच्या विहारात आता दर पौर्णिमेला वंदनेनंतर बीपी मोजतो. यंत्र वर्गणीच्या पैशातून घेतले, या वर्षी एक बॅनर कमी लावले.

माय अजून वंदनेला येते. मधला एखादा शब्द सुटतो, तेव्हा शेजारची बाई हळूच पुढचा शब्द सांगते आणि माय पुढे म्हणू लागते. आम्ही कोण, हे परवा तिला आठवले नाही. पण दारातून आत आल्यावर आम्ही 'जय भीम' म्हटले, तेव्हा तिने 'जय भीम जी, बसा' म्हटले आणि खुर्ची पुढे सरकवली.

जय भीम.